राउटर परस्परांस कसे ओळखतात?

खरीप पीकविम्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस आहे, अशी कल्पना करा. दिग्रस तालुक्यांतील एका ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रांत शेतकऱ्यांची रांग लागली आहे. एकेकाचा अर्ज संगणकावर भरला जातो आणि कळ दाबतांच शेंकडों मैल दूर असलेल्या यंत्रापर्यंत पोंचतो. वाटेंत तो किती हातांतून गेला हें रांगेंतील कोणास ठाऊक नसतें, आणि ठाऊक असण्याचें कारणही नाहीं. परंतु अर्ज पुढें सरकेनासा झाला म्हणजे मात्र ‘लाइन गेली’ हे दोन शब्द सर्वांच्या तोंडीं येतात. लाइन जाण्याचीं कारणें अनेक आहेत. केबल तुटते, वीज जाते, यंत्र बिघडतें. पण केबल शाबूत, वीज चालू, यंत्र धडधाकट आणि तरीही काम बंद, असाही प्रकार घडतो. आणि त्याच्या मुळाशीं कधीं कधीं एवढेंच असतें कीं, वाटेवरील यंत्रांची परस्परांशीं नीट ओळख पटलेली नसते. ही ओळख कशी पटते व ती चुकली तर काय होतें, तें आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

इंटरनेटवरून जाणारा कोणताही मजकूर अखंड जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर तो कोठें जावयाचा तो पत्ता घालतात. वाटेंत जेथें जेथें रस्ते फुटतात तेथें तेथें एक यंत्र बसविलेलें असतें. त्यास राउटर म्हणतात. आलेल्या तुकड्यावरील पत्ता वाचावयाचा आणि आपल्या कोणत्या दारानें तो पुढें सोडावयाचा हें ठरवावयाचें, हें त्याचें काम. राउटर हा शब्द आतां घरोघरीं झाला आहे. तथापि घराच्या भिंतीवर लुकलुकणाऱ्या त्या डबीस बाहेर जाण्याची वाट बहुधा एकच असते. तिला निवड करावयाची नसते, म्हणून शेजारच्या राउटराशीं ओळख करून घेण्याचीही तिला गरज पडत नाहीं. आपण बोलणार आहोंत ते तिच्या पलीकडचे मोठे राउटर, ज्यांस दोन, चार, कित्येकदां शेंकडों दारें असतात.

अशा राउटरास वाटा शिकविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला असा कीं, माणसानेंच त्याच्या वहींत एकेक ओळ लिहून ठेवावी: अमुक गांवचा माल अमुक दारानें. हा मार्ग सोपा आहे, परंतु चौकांतील दगडी पाटीसारखा आहे. पुढें पूल वाहून गेला तरी पाटी बाण दाखवीतच राहते. दुसरा मार्ग असा कीं, राउटरांनींच आपसांत बोलावें, कोणती वाट चालू आणि कोणती बंद हें एकमेकांस कळवावें आणि त्यावरून ज्यानें त्यानें आपली वही स्वतः लिहावी. या दुसऱ्या मार्गासाठीं बोलण्याचे जे नियम बांधून दिले आहेत त्यांस डायनॅमिक राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात. येथेंच आपला प्रश्न उत्पन्न होतो. बोलणें व्हावयाचें तर बोलणारा कोण आहे, हें आधीं कळलें पाहिजे.

ही गोष्ट आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणानें पाहूं. २०११ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें ग्रामपंचायतींपर्यंत फायबर केबल नेण्याची जी योजना मंजूर केली, तिला पुढें २०१५ सालीं भारतनेट हें नांव मिळालें. आरंभींच्या रचनेंत तालुक्याहून ग्रामपंचायतींकडे जाणारी केबल झाडाच्या फांदीसारखी होती. फांदी मधें तुटली कीं पुढचीं सारीं पानें वाळावयाचीं. २०२३ च्या ऑगस्टमध्यें मंजूर झालेल्या सुधारित योजनेंत तालुक्याच्या व ग्रामपंचायतीच्या ठिकाणीं राउटर बसवून केबलींचीं वर्तुळें करावयाचें ठरलें. वर्तुळाचा लाभ उघड आहे. एका अंगानें तुटलें तर दुसऱ्या अंगानें वळसा घेऊन जातां येतें. परंतु हा वळसा घ्यावयाचा आहे हें राउटरांस आपोआप उमगत नाहीं. तें त्यांनीं एकमेकांस सांगावें लागतें.

यवतमाळ जिल्ह्यांत १६ तालुके आहेत. समजण्याच्या सोयीसाठीं त्यांपैकीं सहा ठिकाणें घेऊन आपण मनानेंच एक वर्तुळ आंखूं: यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, महागांव, आर्णी आणि पुन्हां यवतमाळ. प्रत्यक्ष केबल कशी टाकली आहे हा प्रश्न येथें नाहीं. हें वर्तुळ फळ्यावरचें आहे. प्रत्येक ठिकाणीं एक राउटर आहे आणि त्यास दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे उघडणारीं दोन दारें आहेत.

आतां, राउटरास पत्ता नसतो काय, मग वेगळी ओळख कशाला, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, पत्ता राउटरास नसतो, त्याच्या दारास असतो. दिग्रसच्या राउटराचें दारव्ह्याकडील दार, समजा, १०.१.२.२ आणि पुसदकडील दार १०.१.३.१. एकाच यंत्राचे हे दोन पत्ते. दारव्हेकर त्यास पहिल्या पत्त्यानें ओळखणार, पुसदकर दुसऱ्यानें. महागांवच्या राउटरापर्यंत दोन्ही बातम्या पोंचल्या तर दिग्रसला एक यंत्र आहे कीं दोन, हें त्यास कसें समजावें? शिवाय पत्ते बदलतात. नवी केबल टाकली, जुनी काढली, दार बंद झालें कीं त्या दाराचा पत्ताही निरुपयोगी होतो. ज्या खुणेवर सर्वांनीं विसंबावयाचें ती अशी दारागणिक वेगळी आणि दाराबरोबर नाहींशी होणारी असून चालत नाहीं.

ओळखीची खूण एकाचीच असली पाहिजे, हें तर टपालखात्यास फार पूर्वीं उमगलें. आपल्या जिल्ह्यांत कळंब आहे, धाराशिव जिल्ह्यांतही कळंब आहे. आपलें नेर आहे, धुळ्याकडेही नेर आहे. वणी येथें आहे, नाशिकलाही आहे. केवळ नांवावर विसंबलें तर एकीकडचें पत्र दुसरीकडे जाणार. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिन क्रमांक सुरू झाले. त्यांची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. हे गृहस्थ टपाल व तार खात्यांतील वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतचे कविही. आपलें कळंब ४४५४०१ आणि तिकडचें ४१३५०७, असें लिहिलें म्हणजे संशयास जागा उरत नाहीं.

परंतु पिन क्रमांक हा शेवटीं जागेचाच क्रमांक आहे. राउटरास हवा तो जागेहून निराळा. त्याला जवळचा दाखला आपल्या शाळांत सांपडतो. मुलाचा हजेरीपटावरील क्रमांक दरवर्षीं बदलतो, तुकडी बदलते, वडिलांची बदली झाली तर घरचा पत्ता बदलतो. पण शाळेंत नांव दाखल होतांना जनरल रजिस्टरांत जो क्रमांक पडतो तो त्या शाळेंत असेपर्यंत बदलत नाहीं, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच लिहितात. दोन मुलांचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव तंतोतंत सारखें असलें तरी त्या क्रमांकानें त्यांची गल्लत टळते. राउटरासही असाच एक जन्मक्रमांक देतात. इंजिनीयर त्यास राउटर आयडी म्हणतात. आपण ओळख-क्रमांक म्हणूं.

मोठ्या संस्थांच्या आंतील राउटरांत फार प्रचारांत असलेल्या एका प्रोटोकॉलाचें नांव आहे ओ.एस.पी.एफ. त्याची पहिली नियमावली १९८९ सालीं निघाली; आज चालते ती दुसरी आवृत्ति जॉन मॉय यांनीं लिहिलेली, १९९८ ची. या प्रोटोकॉलांत ओळख-क्रमांक हा ३२ द्विमान अंकांचा असतो, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक संभवतात. लिहितांना त्याचे चार भाग पाडून मधें टिंबें देतात, जसें १०.२५५.०.३. इंटरनेटचा जुन्या धर्तीचा पत्ताही ३२ अंकांचाच असून तसाच लिहितात. या दिसण्याच्या साम्यामुळें नवशिक्यांचा नेहमीं घोटाळा होतो. ओळख-क्रमांक हा पत्ता नव्हे. त्यावर पत्र पाठवितां आलेंच पाहिजे असा नियम नाहीं. कोणी ०.०.०.३ एवढाच क्रमांक दिला तरी चालतें, अट एवढीच कीं त्या संस्थेंत तो दुसऱ्या कोणाचा नसावा.

याचा उत्तम पुरावा पुढील काळांत मिळाला. पत्ते अपुरे पडूं लागल्यामुळें १२८ अंकांचे नवे पत्ते आले आणि त्यांसाठीं ओ.एस.पी.एफ. ची तिसरी आवृत्ति १९९९ सालीं निघाली. पत्ता चौपट लांब झाला, पण ओळख-क्रमांक ३२ अंकांचाच राहिला. ज्या राउटरावर केवळ नवे पत्ते आहेत त्यास ओळख-क्रमांक माणसानेंच द्यावा लागतो. कारण लांब पत्त्यांतून तो काढतां येत नाहीं.

हा क्रमांक ठरतो कसा? नियमावलीनें त्याची एकच रीत सक्तीची केलेली नाहीं, पण बहुतेक यंत्रांत क्रम असा असतो. माणसानें क्रमांक लिहून दिला असेल तर तोच घ्यावयाचा. दिला नसेल तर लूपबॅक नांवाच्या दाराचा पत्ता घ्यावयाचा. लूपबॅक हें केवळ कल्पनेचें दार आहे. त्याला केबल नाहीं, म्हणून केबल तुटल्यानें तें बंद होत नाहीं. यंत्र चालू असेपर्यंत तें उघडें. अशीं दारें अनेक असतील तर सर्वांत मोठ्या आंकड्याचा पत्ता निवडतात. लूपबॅकही नसेल तर चालू असलेल्या खऱ्या दारांपैकीं सर्वांत मोठा पत्ता. हा तिसरा मार्ग नाइलाजाचा आहे. एकदां क्रमांक ठरला कीं, यंत्र तो मधेंच बदलीत नाहीं. पण यंत्र पुन्हां सुरू झालें आणि तेवढ्यांत एखादें नवें दार वाढलें असलें, तर कालचा गणपत आज गोविंद होऊन उठतो. म्हणून जाणता इंजिनीयर हा प्रश्न यंत्रावर सोंपवीत नाहीं. तो क्रमांक हातानें लिहितो आणि तोच लूपबॅकासही देतो.

क्रमांक मिळाला, आतां परिचय. ओ.एस.पी.एफ. बोलणारा राउटर आपल्या प्रत्येक दारांतून ठराविक वेळानें, बहुधा दर १० सेकंदांनीं, एक लहानशी हांक देतो. तिचें नांवच ‘हेलो’ असें आहे. ही हांक कोणा एकास उद्देशून नसते, २२४.०.०.५ या सामायिक पत्त्यावर ती जाते आणि पलीकडे हीच भाषा बोलणारा जो कोणी असेल तो ती ऐकतो. हांकेंत काय असतें? आपला ओळख-क्रमांक, आपण कोणत्या विभागांत आहोंत, किती सेकंदांनीं हांक देतों, किती वेळ आवाज न आल्यास शेजारी गेला असें समजतों, आणि शेवटीं, आतांपर्यंत या दारावर ज्यांचे आवाज ऐकूं आले त्यांच्या ओळख-क्रमांकांची यादी.

ही यादी फार महत्त्वाची आहे. दिग्रसच्या राउटरास पुसदची हांक ऐकूं आली, एवढ्यानें ओळख झाली असें तो मानीत नाहीं. कारण आपला आवाज पुसदला पोंचतो कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नाहीं. फायबरच्या केबलींत सामान्यतः जाण्याची एक तार आणि येण्याची दुसरी असते. एक शाबूत राहून दुसरी तुटलेली असणें अगदीं शक्य आहे. म्हणून दिग्रसचा राउटर पुसदच्या पुढील हांकेची वाट पाहतो आणि तींतील यादींत आपला स्वतःचा क्रमांक शोधतो. तो सांपडला म्हणजे त्यास खात्री पटते कीं, मी त्यास ऐकतों आणि तोही मला ऐकतो. स्वतःचें नांव दुसऱ्याच्या तोंडून ऐकूं आल्यावांचून ओळख पक्की धरावयाची नाहीं, असा हा दंडक आहे. विभाग किंवा हांकेचा काळ दोघांचा जुळला नाहीं तर ओळख तेथेंच थांबते. आणि लाइन जाण्याच्या ज्या गूढ तक्रारी येतात त्यांपैकीं कांहींचें मूळ एवढ्याशा विसंगतींत असतें.

ओळख पटल्यावर दोघे आपापल्या जवळची माहिती ताडून पाहतात. त्या देवघेवींत पुढारपण कोणी करावयाचें, हें ओळख-क्रमांकावरूनच ठरतें: ज्याचा आंकडा मोठा तो पुढारी. येथें मोठेपणा गुणांचा नव्हे, केवळ आंकड्याचा. पण दोघांनीं एकदम बोलूं नये यासाठीं कोणता तरी निर्विवाद नियम लागतो, आणि दोन वेगळ्या आंकड्यांपैकीं मोठा कोणता याबद्दल वाद होऊं शकत नाहीं.

पुढें प्रत्येक राउटर स्वतःविषयीं एक निवेदन काढतो: मी अमुक क्रमांकाचा, माझे शेजारी अमुक अमुक, त्यांच्याकडे जाण्याचा खर्च अमुक. त्यावर त्याचा ओळख-क्रमांक सहीसारखा असतो आणि निवेदनाचा अनुक्रमांकही असतो. हीं निवेदनें हातोहात साऱ्या वर्तुळांत फिरतात. प्रत्येक राउटर सर्वांचीं निवेदनें जुळवून साऱ्या मुलखाचा नकाशा तयार करतो व त्यावरून स्वतःसाठीं सर्वांत स्वस्त वाटा काढतो. वाटा काढण्याची ही रीत नेदरलँड्सचे गणिती एड्सगर डायक्स्ट्रा यांनीं १९५६ सालीं शोधली. ॲमस्टरडॅममधील एका कॉफीगृहांत बसून सुमारें वीस मिनिटांत ती सुचली, असें त्यांनींच पुढें सांगितलें. छापली ती १९५९ मध्यें.

समजा, रस्त्याचें खोदकाम चालू असतां दिग्रस आणि पुसद यांमधील केबल तुटली. दाराचा प्रकाश गेला तर दोघांसही तें तत्काळ कळतें. प्रकाश राहूनही बोलणें थांबलें, तर ४० सेकंद, म्हणजे चार हांकांइतका वेळ, वाट पाहून शेजारी गेला असें ते ठरवितात. दोघेही नवें निवेदन काढतात, आणि तें फिरतांच सर्वांचे नकाशे बदलतात. पुसदची वाहतूक महागांव व आर्णीवरून जाऊं लागते, दिग्रसची दारव्ह्यावरून. सेवा केंद्रांतील रांगेस बहुधा पत्ताही लागत नाहीं.

आतां ही सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे, आणि तें म्हणजे एक क्रमांक, एक राउटर. तें मोडलें तर काय होतें?

असें मोडण्याचें नेहमींचें कारण साधें आहे. एका यंत्राची मांडणी नीट बसली कीं, तीच उतरून दुसऱ्या यंत्रांत घालतात; पत्ते बदलतात, पण ओळख-क्रमांकाची ओळ बदलावयाची राहून जाते. असे दोन राउटर अगदीं शेजारीं असतील तर हानि थोडी. दिग्रसला पुसदकडून स्वतःच्याच क्रमांकाची हांक येते. तो तिला शेजारी मानीत नाहीं, तक्रार नोंदवितो, आणि चूक लवकर सांपडते.

परंतु समजा, १०.२५५.०.३ हा क्रमांक दिग्रसला आहे आणि चुकून आर्णीसही दिला गेला. हे दोघे शेजारी नाहींत; मधें इतर राउटर आहेत. दिग्रसचें निवेदन म्हणतें, मी तीन, माझे शेजारी दारव्हा आणि पुसद. आर्णीचें म्हणतें, मी तीन, माझे शेजारी महागांव आणि यवतमाळ. इतरांच्या दृष्टीनें हीं दोन यंत्रें नाहींत; एकाच यंत्राचीं दोन निवेदनें आहेत. म्हणून ज्याचा अनुक्रमांक पुढचा तें ते ठेवतात आणि दुसरें टाकून देतात. आर्णीचें निवेदन दिग्रसला पोंचतें तेव्हां आपल्या सहीचा, पण आपण न लिहिलेला कागद त्यास दिसतो. नियम असा कीं, असा कागद दिसला तर त्याहून पुढच्या अनुक्रमांकाचें खरें निवेदन ताबडतोब काढावें. तो काढतो. तें आर्णीस पोंचतें. तोही तोच नियम पाळतो. कांहीं सेकंदांच्या अंतरानें हें चालूंच राहतें. दोघेही नियमानें वागत असतात, आणि त्या नियमपालनामुळेंच भांडण मिटत नाहीं.

परिणाम काय होतो? नकाशा काढतांना केबलीच्या दोन्ही टोकांनीं एकमेकांस शेजारी म्हटलें असेल तरच ती केबल धरतात. आर्णीचें निवेदन वर असतें तेव्हां दारव्हा म्हणतो, माझा शेजारी तीन. पण तीनच्या कागदावर दारव्ह्याचें नांव नसतें. त्यामुळें दिग्रसकडे जाणारी वाट नकाशावरून पुसली जाते. पुढच्या क्षणीं दिग्रसचें निवेदन वर येतें आणि आर्णीची वाट पुसली जाते. दोन तालुके आळीपाळीनें नाहींसे होतात व पुन्हां उगवतात. केबल तपासणारा म्हणतो, केबल ठीक आहे. यंत्र तपासणारा म्हणतो, यंत्र ठीक आहे. दोघांचेंही म्हणणें खरें असतें. आणि सेवा केंद्रांत अर्ज अर्धा भरून अडकतो, पुन्हां भरावा लागतो, पुन्हां अडकतो. मुदत मात्र त्याच रात्रीं संपते. एका ओळींतील एका आंकड्याची ही किंमत आहे, आणि ती ज्यानें तो आंकडा लिहिला त्यास भरावी लागत नाहीं.

सर्वच प्रोटोकॉल अशी ओळख वापरतात असें नाहीं. आर.आय.पी. हा जुना प्रोटोकॉल, ज्याची नियमावली १९८८ सालीं छापली गेली, स्वतंत्र ओळख-क्रमांक जाणतच नाहीं. बातमी ज्या पत्त्यावरून आली तोच शेजारी, एवढेंच तो समजतो. साऱ्या मुलखाचा नकाशा तो करीत नसल्यामुळें त्याचें भागतें. पण १५ टप्प्यांपलीकडचें ठिकाण त्याच्या लेखीं अगम्य ठरतें. आय.एस.-आय.एस. हा प्रोटोकॉल नकाशा करणारा आहे. त्यांतील ओळख-क्रमांक ४८ अंकांचा, आणि तो तर पत्त्यासारखा दिसतही नाहीं. तात्पर्य, ज्यास दूरच्या, न दिसणाऱ्या राउटराविषयींही बोलावयाचें आहे, त्यास जागेहून निराळी ओळख लागतेच.

हें झालें एका संस्थेच्या घरांतलें. दोन संस्था एकमेकींशीं जोडल्या जातात तेव्हां ओळखीची रीत बदलते. आपल्या देशांत शिक्षणसंस्थांचें जाळें जोडणारा अर्नेट हा प्रकल्प १९८६ मध्यें सुरू झाला. मुंबईंत जुहू येथें असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेंतून १९८९ सालीं अमेरिकेशीं जी जोडणी झाली ती सेकंदास ९,६०० अंक एवढ्याच वेगाची होती. सामान्य लोकांस इंटरनेट मिळालें तें विदेश संचार निगमामार्फत, १५ ऑगस्ट १९९५ पासून. योगायोग असा कीं, त्याच १९८९ सालच्या जानेवारींत टेक्सासमधील ऑस्टिन येथें एका परिषदेच्या जेवणाच्या वेळीं कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर यांनीं कागदी रुमालांवर एका नव्या प्रोटोकॉलाचा आराखडा लिहिला. तोच बी.जी.पी.; आज जगांतील साऱ्या संस्थांमधील वाटा त्यावर चालतात.

बी.जी.पी. मध्यें रस्त्यावर उभें राहून हांक देण्याची पद्धत नाहीं. शेजारी कोण, त्याचा पत्ता काय, तो कोणत्या संस्थेचा, हें माणसानें आधीं लिहून द्यावें लागतें. प्रत्येक संस्थेस एक संस्था-क्रमांक असतो: भारत संचार निगमाचा ९८२९, अर्नेटचा २६९७. भारतांत असे क्रमांक व पत्ते देण्याचें काम २०१२ पासून एक राष्ट्रीय नोंदणी-संस्था करते. बोलणें सुरू करतांना पहिल्याच संदेशांत राउटर आपला संस्था-क्रमांक आणि आपला ओळख-क्रमांक सांगतो. सांगितलेला संस्था-क्रमांक वहींतल्याशीं जुळला नाहीं तर दार तेथेंच बंद. दोघांनीं एकाच वेळीं एकमेकांस फोन लावावा तशी स्थिति झाली आणि दोन जोडण्या लागल्या, तर ज्याचा ओळख-क्रमांक मोठा त्यानें लावलेली ठेवतात, दुसरी तोडतात. आणि दोन वाटा सर्व बाबतींत सारख्याच ठरल्या तर लहान ओळख-क्रमांकाच्या शेजाऱ्याची वाट घेण्याचा नियम आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. क्रमांक सांगणें आणि तो आपलाच असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. खोटी हांक कोणीही देऊं शकतो. म्हणून ओ.एस.पी.एफ. मध्यें दोन शेजाऱ्यांस एक गुप्त शब्द देऊन ठेवतां येतो आणि प्रत्येक संदेशावर त्यापासून काढलेला शिक्का मारतां येतो, बी.जी.पी. च्या जोडणीसही १९९८ पासून तशी सोय आहे. परंतु ओळखीचा माणूस खोटें बोलणार नाहीं, अथवा चुकणार नाहीं, याची हमी शिक्का देत नाहीं. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तान टेलिकॉमनें आपल्या देशांत यूट्यूब बंद करण्यासाठीं यूट्यूबच्या पत्त्यांपैकीं कांहींची वाट स्वतःकडे दाखविली. ती वाट देशाच्या आंतच राहावयाची, ती बाहेर गेली. हाँगकाँगमधील एका मोठ्या वाहक कंपनीनें ती पुढें जाहीर केली, आणि सुमारें दोन तास जगाच्या मोठ्या भागांतून यूट्यूब नाहींसें झालें. येथें कोणीही आपलें नांव चोरलें नव्हतें. पाकिस्तान टेलिकॉम ही पाकिस्तान टेलिकॉमच होती. पण जो पत्ता तिचा नव्हता तो तिनें आपला म्हटला, आणि ऐकणारांनीं पडताळा पाहिला नाहीं. त्या पडताळ्याची व्यवस्था त्यानंतरच्या वर्षांत उभी राहिली आहे: कोणता पत्ता कोणत्या संस्थेनें जाहीर करावा, याचें नोंदणी-संस्थेच्या साखळीनें प्रमाणित केलेलें पत्र काढतां येतें आणि राउटर तें ताडून पाहूं शकतो. हें पत्र काढणें व ताडणें अद्याप सर्वांनीं अंगीकारलेलें नाहीं.

श्रोतेहो, राउटरांच्या ओळखीच्या या साऱ्या खटाटोपांतून तीन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. ओळख ज्याची त्याची एकट्याची असावी. दार बदललें तरी ती बदलूं नये. आणि ती केवळ सांगून पुरत नाहीं, पलीकडच्यानें ऐकून परत म्हणून दाखवावी लागते. यांपैकीं तिसरें काम यंत्र स्वतः करतें. पहिलीं दोन माणसाचीं आहेत. ज्या संस्थेच्या ताब्यांत शें-दोनशें राउटर आहेत तिनें शाळेच्या जनरल रजिस्टरासारखी एक वही ठेवावी, प्रत्येक राउटराचा क्रमांक तींत चढवावा, आणि वहींत चढविल्यावांचून कोणतेंही यंत्र केबलीस जोडूं नये. या वहीस खर्च जवळजवळ नाहीं. आपल्या जिल्ह्यांत हजारावर ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या दाराशीं हीं वर्तुळें येऊन पोंचतील तेव्हां उत्तम केबल आणि उत्तम यंत्रें यांच्याइतकीच त्या वहीचीही गरज लागेल.